शेकोटीपाशी अडकलेले जावई

काय सांगू, शेजारच्या शोभाच्या भावाचा मेहकरला साखरपुडा, आणि तिचे यजमान गजाननराव टीव्हीसमोरून हलेनात. जग बुडाल्यावर वाचलेली चार माणसं रानातून चालतायत, अशी ती मालिका. भागावर भाग लावून बसले होते. मी सहज डोकावायला गेले आणि तिथंच टेकले.

"कुठी जाऊन राह्यले हे?" मी विचारलं.

"त्याईलेच माईत नाही, वहिनी. पण आता पोचतीनच."

शोभा साडी नेसून दारात. "अवो, बस जाईन! जावयाचा मान हाये तिथं, टोपी-दुपट्टा हाये."

"थांब नं, निघालेच ते."

निघतात कुठले! शेकोटी पेटवून एकमेकांची तोंडं पाहत बसले. शेवटी शोभानं मलाच हाताला धरून नेलं. साखरपुडा झाला, पंगती उठल्या, आम्ही परत आलो. टीव्हीवर नवा भाग लागला होता, शेकोटी तीच होती.

"माहा टोपी-दुपट्टा?" गजाननरावांनी मान न वळवता विचारलं.

"भावानं ठेवला. म्हणे, जावईबापू आले की देऊ. म्या म्हटलं, मंग तुह्या पोराच्या लग्नातच देजो."