वृंदानं भरून ठेवलेली भट्टी

समद्यांना रामराम. लोनावळ्याची, पुन्याची, आपल्या औंढ्याची, एवढी मानसं ह्या अंगनात जमल्यात. बघून बरं वाटलं. मला बोलायला सांगितलं तवा मी आधी न्हाईच म्हनलं. मी दुसरीतनं शाळा सोडलेली बाई. आन् मेलेल्या मानसाविषयी बोलायचं म्हंजी लोक गोड बोलत्यात. माझ्या तोंडाला ते जमत न्हाई. वृंदाला ते ठावं होतं, तुमाला आता कळंल.

मी भागूबाई. कुंपनापलीकडं माझं घर. वृंदा हितं पुन्याहून राह्यला आली तवापासनं तिचा शेजार.

लांबून आलेल्यांना एक सांगते. ती तिकडं पत्र्याखाली भट्टी दिसतीया न्हवं, ती भरलेली हाय. वृंदानं सोता भरली, तोंडाला विटा लावल्या, जेवली, झोपली आन् सकाळी उठलीच न्हाई. चांगलं मरन. मला बी तसंच पायजे. पर आत तिची भांडी कच्चीच राह्यली. आता तिचे धाकटे भाऊ, शिरीषभाऊ, म्हनत्यात भट्टी उघडून ती भांडी तशीच मुंबईला नेतो, काचंच्या कपाटात ठेवतो. आन् ही सायली, वृंदाच्या हाताखाली शिकलेली, म्हनती मी भाजते. दोघं बी रडून रडून लाल झाल्यात. ह्यात मी तोंड घालनार हाय. पर आधी वृंदाचं ऐका.

ती आली तवा म्या इचारलं, "नवरा कुटं हाय?"

"होता. पटलं नाही."

"पोरं?"

"नाहीत, आजी."

"मग दिसभर करतीस काय?"

तिनं एक वाडगा माझ्या हातात दिला. म्या उलटासुलटा केला. म्हनलं, "हे तर स्टीलचं मिळतं. पडलं तरी फुटत न्हाई."

दुसरी असती तर रागावली असती. ही हसत हसत खाली बसली. तितनं आमचं जमलं.

सकाळी उठली की कोरा चहा, आन् माती मळायला बसायची. चपातीची कनीक कधी धड मळली न्हाई तिनं. चपाती म्हंजी नुसता नकाशा. पर माती? लोन्यावानी मऊ. दुपारी चाक, सांजच्याला डोंगराकडं फेरफटका. येताना वटीत दगड, पानं, सुगरनीचं पडलेलं घरटं. मी म्हनायची, "बये, लोक घरातला कचरा भाईर टाकत्यात."

पावसाळ्यात तिची लय तडफड व्हायची. लोक भुशीच्या धरनावर भिजायला येत्यात, नाचत्यात, आन् ही दारात बसून ढगाला शिव्या द्यायची. ढग घरात शिरला की भांडी वाळनार कशी? मग टोपलीत घालून माझ्याकडं आनायची, चुलीवरच्या माळ्यावर ठेवायला. तितं माझी सुकट न् बोंबील. भाजताना वास गेला म्हनून बरं, न्हाईतर पुन्याच्या बायका चहातनं बोंबील प्यायल्या असत्या.

भाताचं तूस जाळून त्याची राख ती भांड्याला लावायची. भाजून निघालं की सायीवानी पांढरं, कडंला निळसर. म्या इचारलं, "हा रंग कुटं बघितलास?"

म्हनली, "सकाळी तुमच्या खाचरावर धुकं उतरतं ना आजी, ते हे."

जन्मभर ते धुकं बघितलं म्या. मला त्यात कधी वाडगा दिसला न्हाई. तिला दिसायचा.

आन् फिरायची किती! कच्छ, मनिपूर, एकदा तर जपान. लोक परगावाहून साड्या आनत्यात, ही पिशवीत माती आनायची. इमानतळावर पोलिसानं पिशवी उघडून इचारलं, "ये क्या है?" ही म्हनली, "मिट्टी." तो म्हनला, "वो तो दिखता है!" सांगताना दर वेळी तेवढीच हसायची.

कच्छला मला बी नेलं एकदा. तितं एक म्हातारी काडीनं मडकी रंगवत बसलेली. तिची भाषा मला येत न्हाई, माझी तिला न्हाई. आमी दोघी दुपारभर सुनांविषयी बोललो. वृंदा म्हनली, "तुम्हाला कळलं कसं?" म्या म्हनलं, "त्यात कळायचं काय असतं?"

सुनंवरनं आठवलं. हसू नको गं सुरेखा, सांगनार हाय मी. नवरात्राच्या आधी आमच्याकडं घरातलं भांडं न् भांडं धुऊन काढत्यात. सुरेखा म्हनली, वृंदाताई एकट्या, त्यांची बी धुऊन देते. फळीवर कच्ची भांडी वाळत ठेवलेली. हिनं समदी टबात घातली आन् काथ्यानं घासली. वृंदा बाजारातनं आली तर टबात गाळ, आन् ही कावरीबावरी, "ताई, तुमची भांडी कुटं गेली वो?" वृंदानं बाह्या वर केल्या, गाळ उपसला, म्हनली, "भाजलेली नव्हती गं. अजून मातीच होती. परत करू."

शिरीषभाऊ, हे तुमच्यासाठी सांगितलं. काल तुमी मला म्हनला, "आजी, तिच्या हातचं शेवटचं आहे. भट्टीत फुटलं तर?" म्या म्हनलं, "मग फुटंल." तवापासनं तुमी माझ्याशी बोलला न्हाई. मला राग न्हाई. तुमची बहीन गेलीया. पर सांगा, कच्चं भांडं नेऊन त्याचं काय करनार? त्यात पानी ठरत न्हाई. मुंबईची हवा कसली, तुमाला ठावं. दोन पावसाळ्यांत पोपडं निघत्याल, आन् तुमी कपाटातली धूळ पुसत बसाल.

वृंदा कपाटाची वैरीन होती. पुन्यात एका घरी तिचं वाडगं काचंमागं मांडलेलं बघितलं, तर त्या बाईला काढायला लावलं आन् त्यातच आमटी वाढून घेतली. मी होते संगं. आमटी अळनी होती, पर वृंदा दोनदा मागून प्यायली.

काही फुटनार, शिरीषभाऊ. मी खोटं सांगनार न्हाई. दर भट्टीत एकदोन फुटत्यात, तिच्या हातनं बी फुटायची. उरतील त्यात तुमी चहा प्या. बहिनीच्या कपातनं भावानं चहा प्यावा, काचंतनं बघू नये.

आता आमच्या भावकीचं. काल एकजन म्हनला, मयताच्या घरी आपल्या चुलीतला इस्तू देऊ नये. अरं बाबा, तेरावं झालं, सुतक फिटलं. आन् वृंदानं ही भट्टी कधी काडी ओढून पेटवली न्हाई. खापर घेऊन माझ्या चुलीपाशी यायची, "आजी, निखारा द्या." पूर्वी आमी बाया असाच एकमेकींच्या चुलीतनं इस्तू न्यायचो. घरात गॅस आला तवा सुरेखा चूल मोडाया निघालती. म्या मोडू दिली न्हाई. म्हनलं, मग वृंदा कुनाच्या दारात जाईल?

आज ती येनार न्हाई. म्हनून मीच नेऊन देनार. पर भट्टी तुमच्या बहिनीची हाय. तुमी न्हाई म्हनला तर मी गप घरी जाईन आन् भाकरी थापीन. बोला.

काय? मोठ्यानं बोला भाऊ, मागं ऐकू जात न्हाई.

"पेटवा" म्हनले. ऐकलं का समद्यांनी?

सायली, डोळं पूस आन् लाकडं लाव. सुरवातीला बारीक जाळ, घाई न्हाई करायची.

बाकीच्यांनी आता गप बसायचं. तुमच्यावानी घड्याळ लावून दोन मिंटं शांत उभं राह्याचं मला कळत न्हाई. मी चुलीतला निखारा घेऊन येते, तवर कुनी बोलू नका. वृंदाची आठवन काढा. मी म्हातारी हाय, मला जायला-यायला येळ लागंल.

वृंदे, आले गं.