गोऱ्या साहेबाची तक्रार

आमच्या संतपूरला बोअर पाडायच्या कामावर एक गोरा साहेब होता. लई वर्सं राहिला, मराठी आमच्यासारखीच बोलायचा. एकदा दुपारी मी जेवायलोय, तर हा थेट सैपाकघरात आला, माझ्या शेजारी बसला आन् टोपल्यातली भाकरी उचलली. खाता खाता म्हणतो कसा, "तुमच्या देशात एक लई वाईट. माणसं न इचारता दुसऱ्याच्या घरात शिरतात."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मंग तू आत्ता कुणाला इचारून आलास?"

त्यालाच उलटा राग आला. "मी कामून इचारू? मी काय परका हाय?"

"न्हाईस ना? मंग 'तुमचा देश' कामून म्हणायलास? शिव्या द्यायच्या तर आपल्या देशाला दे, न्हाईतर भाकरी खाली ठेव."