तिले बिडी म्याच शिकवली

आमचं गाव लोणारच्या अलीकडं, यष्टीनं अर्धा घंटा. माहा बाप मेथी, पालक, सांबार, म्हंजे तुमची कोथिंबीर, लावे आन बाजाराले ने, मंग मीबी तेच केलं, दुसरं काई आलंच नाही मले. तुळशीराम नाव. गिरजा लगन होऊन आली तवा मले नुसती मिसरूड फुटून राह्यली होती.

दोन-तीन सालानं तिची दाढ दुखाले लागली, लय दुखे, दवाखाना दूर, तर म्या म्हनलं हे घे, एक झुरका मार, दाढ बधिर होते. तिनं मारला, खोकलली, आन हासली. दाढ राह्यली बाजूले, बिडी लागली. मंग काय सांगू ताई तुमाले, मळ्याले पानी देनं झालं का आमी दोघं धुऱ्यावर, बांधावर बसू, एकच बिडी, दोन झुरके माहे, दोन तिचे, आन बोलत राहू. बाईनं बिडी वढनं गावाले खपत नाही, म्हनून ती पदराआड वढे. ते बसनं मले लय आठवते. बिडी नाही आठवत, ते बसनं आठवते.

पुढं मले खोकला लागला, डाक्टर म्हने सोड, तर म्या सोडली. तिलेबी म्हनलं, आता तूबी सोड वं. तर म्हने लावली कोनं? म्या हासलो. तिथंच चुकलो पाहा. आन खरं सांगू, ती वढे तवा जवळ बसाले मले बरं वाटे, तो वास मले आवडे, म्हनून म्या कधी जोर केला नाही.

मंग तो कोरोना आला. पयल्या साली आमचं गाव वाचलं, दुसऱ्या साली घरोघरी ताप. आमाले दोघालेबी एकाच हप्त्यात आला. माहा ताप आठ दिवसात उतरला, नुसती कमजोरी. तिचा छातीत उतरला. चार पावलं चालली का बसे, बोलता बोलता थांबे. लेकानं गाडी करून दोघाले बुलडान्याले नेलं. तिथं डाक्टरीन बाईनं इचारलं, आजीले बिडी-तंबाखूचं काई? लेक म्हने, नाही मॅडम, आमच्या घरात बाया नाही वढत. लाजला तो. मी भिताडाले टेकून उभा, म्या म्हनलं वढते मॅडम, तीस-चाळीस सालापासून, म्याच लावली. लेकानं माह्याकडं पाह्यलंबी नाही.

बाई शांत बोलली. म्हने बाबा, बरं केलं सांगतलं. बिडीनं आधीच छाती झिजवलेली असते, अशा मानसाले हा आजार जास्त जोरात धरते. बिडीवाला प्रत्येकच जाते असं नाही, पन लढाई अवघड होते. आमी करतो सगळं.

केलं त्यायनं, खोटं कशाले बोलू. नळी लावली, पालथं निजवलं. आत जाऊ देत नसत, एका नर्स पोरीनं तिच्या फोनवर दाखवलं. तोंडावर ते मास्क, एका दमात दोन शब्द. म्हने वांग्याले... पानी सोडलं का. मी म्हनलं हाव, सोडलं, झाड भरून लागले वांगे. मळ्यात तर मी पंधरा दिवस गेलोच नव्हतो, वाफे वाळून गेले होते. ती हासली असंन, मास्कमधून दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

बिडी नसती तर वाचलीच असती असं मी म्हनत नाही, तसं तर ती बाईबी म्हनली नाही. पन मले वाटते, अजून थोडा दम राह्यला असता तिच्यापाशी.

लेक वरीसभर माह्याशी तुटक बोलला. मंग एक दिवस मळ्यात आला, मेथीच्या जुड्या बांधून राह्यलो होतो, तर बाजूले बसला आन बांधाले लागला. म्हने बाबा, मले माहीत होतं मायच्या बिडीचं, म्या सांगाले पायजे होतं. मी म्हनलं, जाऊ दे बाप्पा.

आता बाजाराले मी एकटाच जातो, यष्टीत बाजूची जागा रिकामी असली का पिशवी नाही ठेवत तिच्यावर, काऊन ते मलेबी समजत नाही. भाजी घेता घेता तुमी इतका वेळ आयकलं ताई. तुमच्या घरचे सगळे बरे राहो, त्यायच्या छात्या धड राहो. जाता जाता हा सांबार घेऊन जा, ताजा आहे.