माघात हिरवं राहिलेलं झाड

(हसनाबाद. माघातली सकाळ. अंगणात बदामाचं झाड. खाली बाजेवर कारभारी, समोर जालन्याहून आलेली त्यांची मुलगी रेणू.)

रेणू : …खोली रंगवून ठेवलीय अप्पा. तुमचे जावई स्वतः म्हणाले, या वेळी घेऊनच ये त्यांना. तुमची बॅग मी माळ्यावरून काढलीय.

कारभारी : जावयाचं बराबर हाय. पण मी येत न्हाई.

रेणू : कारण?

कारभारी : तेच. तुझ्या मायनं लावलेलं झाड सोडून मी कुठं जात न्हाई. ती गेल्यापून हेच सांगून राह्यलो तुला.

रेणू : झाडाला पाणी गिरिजाकाकू घालतील. भिंतीला भिंत तर आहे. त्यांच्या अंगणातलं बदामाचं झाडही मायनंच लावलंय, वीस वर्षांपूर्वी, एकाच दिवशी.

कारभारी : त्यांचं त्यांच्यापाशी.

रेणू : एक विचारू? त्यांचं झाड लालभडक झालंय. आपलं हिरवंगार आहे.

कारभारी : मोरीचं पाणी जातं ह्याला.

रेणू : त्यांच्याही मोरीचं जातं. आत्ताच बघून आले, चहा तिकडंच झाला.

कारभारी : चहात साखर लई टाकती ती.

रेणू : अप्पा.

कारभारी : जमिनीचा फरक, दुसरं काय. आपल्याकडं खाली मुरूम हाय.

रेणू : हे तुम्ही दर दिवाळीला सांगता. मी म्हणते, आपलं झाड बारीक का, तुम्ही म्हणता मुरूम. मी मान डोलावते अन् फराळाला बसते. दिवाळीला दोन्ही झाडं हिरवीच असतात. माय गेल्यापासून नऊ वर्षांत माघात मी पहिल्यांदाच आले.

कारभारी : मंग?

रेणू : मुरमातलं झाड आधी लाल होतं, उशिरा न्हाई. खालची ओल संपली की पानं टाकायची घाई त्यालाच.

कारभारी : रोपवाटिकेत हेच शिकवतेत का?

रेणू : शिकवत न्हाईत, दिसतं. सहा वर्षं तेच काम करते मी. जुनं झाड थंडी सरता सरता पानं लाल करून टाकून देतं. कोवळं झाड हिरवंच धरून बसतं. हे झाड वीस वर्षांचं न्हाई, अप्पा.

कारभारी : मंग किती?

रेणू : तुम्हीच सांगा.

कारभारी : आठ. पावसाळ्यात नऊ पुरी व्हतील.

रेणू : अन् मायचं?

कारभारी : ती गेली त्याच उन्हाळ्यात वाळलं. आठ दिवसाला एक टँकर यायचा, घरात दोन ड्रम. दारात म्हैस व्हती, पाणी तिच्यापुढं ठेवलं. झाडाकडं बघितलंच न्हाई. बघावंच वाटंना, खरं सांगायचं तर.

रेणू : मला सांगायचं ना.

कारभारी : काय सांगायचं? तेरावं झालं अन् तू गेलीस. फोनवर एकच इचारायचीस, झाडाला लाल पानं आली का. पोरीची माय गेली, आता झाडबी गेलं म्हणून सांगू?

रेणू : दरवर्षी म्हणायचात, आली. एकदा तर म्हणालात, नुसता सडा पडलाय.

कारभारी : पडल्ताच की. भिंतीच्या पल्याड. तिकडं बघूनच सांगायचो.

रेणू : म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं.

कारभारी : हे रोप तुझ्या काकूच्याच झाडाखालचं. तिनंच आणून दिलं अन् आजपर्यंत तोंड उघडलं न्हाई.

रेणू : मला राग आलाय.

कारभारी : येऊ दे.

रेणू : मग आता तर तुम्हाला न यायला कारणच उरलं न्हाई. मायचं झाड इथं नाहीच.

कारभारी : त्या झाडाला म्या पाणी दिलं न्हाई, रेणू. ह्याला रोज देतो. हे सोडून तर बिलकुल येता येत न्हाई.

रेणू : (उठून झाडाचं एक हिरवं पान चाचपून बघते.)

कारभारी : कधी लाल व्हईल हे?

रेणू : नक्की न्हाई सांगता येत. अजून दोन-चार माघ तरी हिरवंच राहील.

कारभारी : मंग तवा इचार.

रेणू : बॅग परत माळ्यावर टाकते. पण आता फोनवर विचारणार न्हाई. दर माघात येऊन माझ्या डोळ्यांनी बघणार.

कारभारी : ये. पण दिवाळीचं बंद करू नको.