पहिल्या जागेची बोली

— तर तुम्ही विचारतासा पोरगं कसं हाय. चांगलं हाय की. बसा काका, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतोय, हिकडं स्टुलावर बसा. सम्मेद मगदूम म्हणून ह्या मंगळवार पेठेत कुणालाबी विचारा, वाईट सांगणार न्हाय कोण. सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाय. सकाळी मंदिर, मग काम. आईला जपतोय, पद्मावतीकाकूंचं गुडघ्याचं दुखणं हाय, दवाखान्याला स्वतः घेऊन जातोय, पाहुण्यारावळ्यावर ढकलत न्हाय. उंच हाय, ते तुम्ही फोटोत बघितलंच असंल. आता लेकीचं स्थळ म्हटल्यावर बाप चौकशी करणारच, मी असते तर मी बी केली असती — प्राची न्हवं नाव तिचं? चांगलं नाव हाय. एवढ्या उन्हाचं कोडोलीसनं मोटारसायकलवर आलासा, पाणी घ्या आधी. फॉरेनची कंपनी म्हणून सांगितलंय व्हय तुम्हाला? व्हय, फॉरेनचीच. डेन्मार्कची एक बाई हाय, मसाले आणि चहा विकती, तिच्या समद्या पुड्या, डबे, त्यावरची चित्रं, अक्षरं, रंग — डिझाइन म्हणायचं त्याला — ते सगळं सम्मेदकडं हाय. घरात बसून करायचं. नोकरी न्हाय ती, पण गिऱ्हाईक कायमचं हाय. त्यात खोटं काय न्हाय.

माझी ओळख कशी? इथंच की, ह्याच दुकानात. लॉकडाऊन उठला त्या सालातली गोष्ट. इचलकरंजीला सूतगिरणीच्या ऑफिसात हुता तो, ते सुटलं, आणि व्हिजिटिंग कार्ड छापायला आलता माझ्याकडं. म्हटलं, कार्डावर काय लिहू? तर म्हणाला, तेच ठरलं न्हाय अजून. हसू आलं मला. तवा माझ्या स्क्रीनवर कॅनडाच्या एका माणसाच्या लोणच्याचं लेबल हुतं, ते बघत उभा राहिला — कार्ड राहिलं बाजूला. हे तुला कुठनं मिळालं, म्हणाला. मी दावलं. साईट हाय एक, जगातली माणसं तिथं कामं टाकत्यात, आपण अर्ज करायचा, पसंत पडलं की काम आपलं. लपवायचं काय त्यात? मी शिकवलं त्याला. लेबल कसं बसवायचं, अक्षराला श्वास घ्यायला जागा कशी सोडायची, छपाईत रंग कुठं दगा देतोय. ते मागचं टेबल दिसतंय न्हवं, भिंतीकडंचं, ते त्याचं. माझी पाठ हिकडं, त्याची पाठ तिकडं. भाडं? भाडं कशाला घ्यायचं. त्याचं इंग्रजी चांगलं हुतं, माझे अर्ज तो लिवून द्यायचा, त्याची डिझाइनं मी सरळ करायची. दुपारचा डबा एकात. कांदा-लसूण न घालता भाजी चवीला आणायची कशी ते मी तवा शिकले, जमिनीखालचं काय नको, बटाटा बी नको — आता हाताला सवयच लागली, घरात माझी आई म्हणती ही काय पेशंटची भाजी — जाऊ दे ते. चौकशी त्याची हाय, माझी न्हाय.

आडनाव? माझं? शिंगे. श्रुती शिंगे. — न्हाय, ते जैनातले शिंगे न्हवं. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न सालात धम्म घेतला, हातकणंगल्याजवळ गाव हाय आमचं. च्या घ्या की, निवतोय. — घेतलासा. बरं वाटलं. कप हातात धरून इचार करणारी माणसं बी बघितल्यात मी ह्या दुकानात, म्हणून म्हटलं. तुमचं तसं न्हाय. पण बघा, ती साईट मला कशापायी आवडली सांगू? तिथं आडनाव कळत न्हाय कुणाला. कॅनडाच्या माणसाला शिंगे काय आणि मगदूम काय, दोन्ही सारखंच अवघड. काम बघतोय तो. इथं लग्नपत्रिका छापायला आलेलं माणूस आधी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघतंय, मग दर इचारतंय. तिथं भिंतच न्हाय. म्हटलं, आता हाताला मोल येणार. आलं बी — दोन-तीन वर्षं लई चांगली गेली. मग त्या साईटवाल्यांनी ते काढलं, वर सरकवायचं.

काय म्हणजे, आधी अर्जाला टोकनं लागायला लागली, टोकनं विकत घ्यायची. बरं, घेतली. मग म्हणाले, अजून टोकनं लावलासा तर तुमचा अर्ज ढिगात वर ठेवू. वरच्या जागा चार. बोली लावायची. किती लावलंय तेवढं दिसतंय, पण कोण लावतंय ते दिसत न्हाय. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करत्यात की न्हाय? तिथं निदान रुमालाखाली हात कुणाचा हाय ते तरी ठाऊक असतंय. हितं ते बी न्हाय. तुम्ही थोडं वाढवा, दुसरा अजून थोडं वाढवतोय, मग तुम्ही. आणि एवढं करून वर बसलासा तरी गिऱ्हाईक अर्ज उघडंलच असं न्हाय, कैकदा काम टाकणारा माणूसच गायब हुतोय, कुणालाच काम देत न्हाय. लावलेलं गेलं. सम्मेद म्हणायचा, श्रुती, गिऱ्हाईक वरचीच उघडतंय, खालचं कुणी बघत न्हाय, लावायलाच लागतंय. मी लावायची. प्रिंटर दुरुस्तीला ठेवलेले पैसे लावले, दिवाळीचे लावले. तो बी लावायचा, त्याचं बी जायचं. संध्याकाळी दोघं खासबागेला जाऊन मिसळ खायचो आणि साईटवाल्याला शिव्या घालायचो. त्या दिवसांचं काय वाईट सांगू? वाईट न्हवतेच ते.

मग डेन्मार्कच्या त्या बाईचं काम आलं. आधी मला दिसलं, बरं का. मीच वळून म्हटलं, सम्मेद, हे बघ, असं काम आयुष्यात एकदा येतंय. वर्षभराचं काम, समद्या मालाचं. तिला नमुने पाहिजे हुते — हिंदुस्तानातलं कायतरी, पण ते मोर आणि हत्ती नको, असं लिवलेलं. माझी आजी, आक्का म्हणतो आम्ही तिला, जन्मभर इरकल लुगडं नेसली. रानात खुरपायला जायची तरी इरकलच. त्याच्या पदरावर लाल जमिनीत पांढरी टोकं असत्यात, शिखरासारखी. मी आक्काचं एक फाटकं लुगडं आणलं, हितं ह्या काउंटरच्या काचेवर पसरलं, आणि एक-एक टोक मोजून नमुने केले. हळदीच्या पुडीला पिवळं, मिरचीला लाल, चहाला हिरवं-काळं. सम्मेद मागं उभा राहून बघत हुता. म्हणाला, हे न्हाय नाकारणार कोण. आमचे नमुने एकाच ठिकाणी ठेवलेले असायचे कॉम्प्युटरवर, माझं-तुझं केलं न्हवतं आम्ही कधी. अर्ज केला, टोकनं लावली, पहिल्या जागेवर बसले. थोड्या वेळानं बघतेय तर दुसरी. वाढवली. परत पहिली. परत दुसरी. मी मोठ्यानं म्हटलं, कोण हाय रे हा, बसू देईना मला. त्याची पाठ माझ्याकडं. तसाच म्हणाला, असंल कोणतरी युक्रेनचा न्हायतर पाकिस्तानचा. तू कशाला पैसे घालवतीस, सोड की, तुझं काम बोलंल. सोडलं मी. माझ्या काळजीनं म्हणतोय वाटलं मला.

आठवडाभरानं त्या बाईचा मेसेज आला मला. मला वाटलं काम मिळालं. लिवलं हुतं, हे नमुने मी दुसऱ्या एका अर्जात आधीच बघितलेत, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दावताना लाज वाटायला पाहिजे. म्हणजे कळलं का काका तुम्हाला? तेच नमुने, वरच्या अर्जात बी आणि माझ्या बी. वरचा तिनं आधी उघडला. वर हाय ते खरं, खाली हाय ती नक्कल. तिचं काय चुकलं? तिला कुठं दिसणार हुतं आक्काचं लुगडं. साईटवाल्यांनी माझ्या खात्यावर ठपका ठेवला, तीन महिने अर्ज बंद. आणि मी येडी, तो मेसेज सम्मेदलाच वाचून दावते, म्हणते बघ की, कुणीतरी आपलं काम चोरलंय. त्यानं वाचलं. पाणी पिला. म्हणाला, मी बघतो काय करायचं ते. बघितलंच त्यानं. पुढच्या आठवड्यात दुपारी मी शटर अर्धं ओढून बँकेत गेलते, परत आले तर हा कानाला हेडफोन लावून बोलत हुता, इंग्रजीत, लई गोड आवाजात. एवढं इंग्रजी मला बी कळतंय. म्हणत हुता, ही टोकं माझ्या आजीच्या साडीवरची हैत. — माझ्या आजीच्या. त्याची आजी सांगलीची, नऊवारी रेशमी नेसायची, फोटो बघितलाय मी त्यांच्या सोप्यात. मी दारातच उभी. बोलणं संपेस्तोवर उभी राहिले, काय माहीत कशापायी, मध्ये बोलले असते तर त्याचं काम गेलं असतं म्हणून असंल.

भांडले न्हाय. खरंच न्हाय. इचारलं फक्त, बोली तूच लावत हुतास व्हय? म्हणाला, व्हय. असा डोळ्यात बघून म्हणाला. म्हणाला, श्रुती, तुला काम मिळालं असतं तर तू त्या बाईशी बोलली असतीस काय? एका मिनिटात तिनं फोन ठेवला असता. माझ्याकडं आलं म्हणजे आपल्या दोघांकडंच आलं की. आपलं दोघांचंच न्हवं का समदं. — आता हे दोघांचं म्हणजे काय दोघांचं, ते त्यानं सांगितलं न्हाय आणि मी इचारलं न्हाय. बाईमाणसानं असं वाक्य ऐकलं की ती पुढचं आपल्या मनानंच भरती. मी बी भरलं. आणि काम करायला लागले. — व्हय. तेच काम. डेन्मार्कचं. आक्काची टोकं दुसऱ्या कुणाच्या हाताला येणार हुती? बोलायचं त्यानं, करायचं मी, आणि महिन्याला त्यातलं मला काय द्यायचं ते तो ठरवतोय, देतोय बी, बुडवत न्हाय. वर्ष उलटलं. आत्ता तुम्ही आलासा तवा ही स्क्रीन मी बंद केली न्हवं, त्यावर तिच्या दिवाळीच्या डब्याचं झाकण हुतं. म्हणजे नाताळच्या. तेच ते.

हे मी सांगणार न्हवते तुम्हाला. तुम्ही गप बसून ऐकतासा, त्यानं माणूस बोलत सुटतंय. पण एक सांगा, मंगळवार पेठेत एवढी दुकानं, तुम्हाला माझंच कसं घावलं? मला वाटलं गल्लीत इचारत-इचारत आलासा. — कोण? — सम्मेदनं? त्यानं स्वतः सांगितलं, श्रुतीताईंकडं चौकशी करा म्हणून? ताई म्हणाला? — न्हाय, न्हाय, बसा तुम्ही. तुमचा काय दोष. बरोबर हाय त्याचं. गल्लीतली बाकीची माणसं काय सांगतील, मंदिरात जातोय, आईला बघतोय. काम कसं हाय ते माझ्याशिवाय कोण सांगणार? आणि मी वाईट बोलणार न्हाय, एवढी खात्री हाय त्याला माझी. मला तर लग्न ठरतंय हे बी तुमच्या तोंडनंच कळलं. सकाळी हितंच हुता तो, त्या टेबलावर. झाकणाचा लाल रंग जरा गडद कर म्हणाला.

प्राचीनं काय करावं ते मी सांगू शकत न्हाय. मी सांगितलेलं खरं मानायचं का जळून सांगितलेलं मानायचं, ते बी तुम्हीच ठरवा, दोन्ही थोडं-थोडं असंल. मारणार न्हाय तिला तो. उपाशी ठेवणार न्हाय. तिच्या हातात काय कला असली तर तेवढी सांभाळून ठेव म्हणावं. — काय म्हणालासा? जरा मोठ्यानं बोला. — हे काम पुढं बी असंच चालू राहील का? म्हणजे लग्न झाल्यावर मी त्याला करून देत राहीन का, असं इचारतासा?

बाप हैसा. कळतंय मला. लेकीच्या घरात चूल पेटायला पाहिजे, मग काडी कुणाची का असंना.

न्हाय राहणार, काका. मघापर्यंत राहणार हुतं. तुम्ही इचारलासा आणि माझ्या तोंडातनं 'न्हाय' गेलं, आता ते माघारी घ्यायचं न्हाय. ते नाताळचं झाकण अर्धंच राहील. त्या बाईला आज लिवणार मी, माझ्याच मोडक्या इंग्रजीत, लुगड्याचा फोटो जोडून. इश्वास ठेवंल का ती? बहुतेक न्हाय ठेवणार. तिनं एकदा वरचं बघितलंय. तरी लिवणार. आणि सम्मेदला तुम्हीच फोन करून सांगा, तुमच्या श्रुतीताईनं चौकशीत काय-काय सांगितलं ते — न्हायतर नका सांगू, तुमची मर्जी.

उठा आता. उन्हं उतरायच्या आत कोडोली गाठा. च्याचे पैसे काय काढतासा, ठेवा ते खिशात. जाताना त्या मागच्या टेबलाला धक्का लागू देऊ नका, त्याच्या वायरी तिथंच पडल्यात, मला त्या काढायच्या हैत.

जावा की.