नुसता मागचा एक्सल

काढा आधी ते. नाही नाही, तुम्ही राहू द्या, मीच काढतो, तुम्ही आणखी काहीतरी मोडून ठेवाल — हे बघा, हे. स्पेसर म्हणे. म्हणजे काय, तर चाक आणि ते ज्यावर बसतं त्या हबच्या मधे खुपसलेली ॲल्युमिनियमची जाड चकती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, क्वाड बाईक कशी चारी चाकांवर ऐसपैस उभी आहे! आणि आत? आत बेअरिंगचा जीव चाललाय. हात लावा. लावा, लावा — भाजलं ना? किती चालवलीत, वीस मिनिटं? वीस मिनिटांत हे हाल. किळस येते मला, खरं सांगतो. पंचवीस वर्षं काळ्या तेलात हात घालतोय, त्याची कधी आली नाही, पण असल्या दिखाऊ कामाची येते. कोणी लावून दिलं? नको, सांगूच नका. नाव कळलं तर दुपारचं जेवण जायचं नाही मला.

वळणावर एका अंगाने उचलते, म्हणून रुंद करायची — असंच ना? दुखणं बरोबर सांगितलंत, औषध चुकलं. रुंद करायची तर मुळापासून. पुढचं चाक धरून जे वरखाली होतात ना, हे, हे ए-आर्म — हे दोन्ही बाजूंचे दोन-दोन इंच लांब घ्यायचे. आर्म लांब झाले की धक्के झेलणारे शॉक त्या मापाचे, नाहीतर गाडी पोटावर बसते, म्हशीसारखी. स्टिअरिंगच्या सळ्या लांब, ब्रेकचे पाइप लांब. आणि मग, सगळ्यात शेवटी, मागचा एक्सल, दोन्ही चाकं जोडणारा दांडा — तोही पुढच्या मापाला धरून. मागचा पुढच्यापेक्षा रुंद झाला की संपलंच, नाकापेक्षा मोती जड. तुम्ही हँडल वळवाल आणि गाडी जाईल नाकासमोर. तीन आठवडे लागतील. काय? रविवारी शर्यत आहे, तोवर नुसता मागचा बदलून द्या?

बसा. बसा त्या स्टुलावर, पुसलेलं आहे ते.

हेच वाक्य. अगदी असंच उभं राहून, हेल्मेट काखेत मारून. ‘दाजी, तोवर नुसता मागचा बदलून द्या.’ माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ — भाऊ कसला, तिने वाढवलेलं पोरच ते, आई कामावर जायची तेव्हा हिने त्याला कडेवर घेऊन शाळेचा अभ्यास केलाय. क्वाड चालवायचा. चांगला चालवायचा हो, खोटं कशाला बोलू. पण दिखाऊ! दारात शिरला की आधी आवाज शिरायचा. शर्यतीतल्या दुसऱ्या गटातल्या कोणाची तरी रुंद गाडी बघून आला आणि लागला मागे. मी म्हटलं, तीन आठवडे. तर तो — इथे, गिऱ्हाइकं उभी होती, चार जणं तरी — त्यांच्याकडे वळून म्हणतो, ‘आमच्या दाजींचं काम म्हणजे गोगलगाय. जाते, पण पोचत नाही.’ हसले सगळे. हसेनात का, माझं काय जातंय? पण ही पण हसली. चहाचा ट्रे घेऊन त्या दारात उभी होती, पदराने तोंड झाकून हसली. आता ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे का? नाही. मला कप कोणत्या रंगाचे होते तेसुद्धा आठवतं.

म्हटलं, ठीक आहे. घे तुझा मागचा एक्सल. बसवला. नट दोनदा आवळले, खुणा केल्या, कामात खोट नव्हती — त्यात खोट काढून दाखवा कोणी. चाकं निखळली वगैरे नाहीत. पुढे जुनं अरुंद माप, मागे चार इंच जास्त. संध्याकाळी मागच्या मोकळ्या जागेत मीच फिरवून बघितली. बघावी लागतेच, दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी. पहिल्या वळणाला हँडल पुरतं फिरवलं आणि ती सरळ गेली, थेट भिंतीकडे. हातभर अंतर राहिलं असेल. बंद केली, तसाच बसून राहिलो वर. कळलंच ना मला. न कळायला काय झालं?

तो आला, म्हणाला, ‘कशी आहे?’

मी म्हटलं, ‘एकदम मस्त.’

काय बघताय? मला काय वाटलं, शेवटचा येईल. चार वळणं फरफटत जाईल, सगळ्यांसमोर तोंड पाडून परत येईल आणि म्हणेल, दाजी, तुमचं ऐकायला हवं होतं. एवढंच. तेवढंच हवं होतं मला. माणूस मरावा असं कोणाला वाटतं? मेलं नाहीच कोणी. तिसऱ्या वळणावर गाडी वळली नाही, कडेला बांधलेली फीत तोडून सरळ बाहेर आली, आणि तिथे ही उभी होती. मीच म्हटलं होतं तिला, इथून चांगलं दिसेल. खुब्याचं हाड, आणि खाली पाय दोन ठिकाणी. पाच महिने अंथरुणात. आता चालते, काठी घेऊन. जिना उतरताना एकेक पायरी मोजून.

तर तो मेहुणा — ज्याची मला इतकी चीड यायची — तो रोज दवाखान्यात. आत यायचा नाही, बाहेर बाकावर. मला म्हणाला, ‘दाजी, गाडी तर तुम्ही तपासून दिली होती, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. मला वाटतं मी ब्रेकच दाबला नाही.’ रडत होता हो. तीस वर्षांचा बाप्या. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘होतं असं घाईत.’ खांद्यावर हात ठेवून! हिने त्याला निरोप पाठवला, माझ्यासमोर येऊ नकोस. तो निरोपही मीच नेला. सहा वर्षं झाली. तिने वाढवलेलं पोर, आणि रस्त्यात दिसला तर ही काठी टेकत पलीकडच्या बाजूला जाते. त्याने त्यानंतर क्वाडला हात लावला नाही. कुठल्याशा गोदामात खोकी मोजतो.

गेल्या महिन्यात त्यांची आई गेली. एवढीशी खोली. बहीण या भिंतीला, भाऊ त्या भिंतीला, मधे आई. निघताना त्याने मला दारात गाठलं. म्हणाला, ‘तुम्ही तरी सांगा ना तिला, मी मुद्दाम नाही केलं.’ मी म्हटलं, सांगतो. गाडीत बसल्यावर हिनेच विचारलं — सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचा विषय तिच्या तोंडून, आणि असा आवाज, लहान मुलीसारखा — ‘काय म्हणत होता तो?’

मी म्हटलं, ‘काही नाही. गाडी कुठे लावलीत विचारत होता.’

ती खिडकीबाहेर बघत राहिली. घर येईपर्यंत.

आणि तुम्हाला सांगतो, त्या रात्री मला झोप लागली. छान लागली. सकाळी आरशात दाढी करताना मात्र —

काय? तिला अजून माहीत नाही का, म्हणजे? तुम्ही गाडी दाखवायला आलात की —

उठा. धरा हँडल, मी मागून ढकलतो. ही तुमची चावी. नाही, तीन आठवड्यांनी पण नको. तुमच्या गाडीचं काम मी करणार नाही. का म्हणजे? नाही करणार. पायरी सांभाळा. जा, जा म्हटलं ना.