भरल्या कॅनाचा ब्रेक

माझं माहेर धर्मापुरीचं. चौथी झाली आणि शाळा सुटली, पुढं लग्न होऊन चकलांब्याच्या बाजूला आले. चारचौघांत बोलायची मला लई भीती, डेअरीत नाव पुकारलं तरी नुसती मान हलवायचे. अशी मी, आणि सायकल शिकले ती दोन लेकरं झाल्यावर, आता कावून म्हणाल तर दुष्काळापायी.

काय सांगू तुम्हाला, रानात काडी न्हाई, विहिरीत नुसता चिखल, मालक म्हशी घेऊन चारा छावणीवर राहायला गेले. जनावरापाशी माणूस लागतंच. मग छावणीवरचं दूध गावच्या सोसायटीच्या डेअरीत कुणी न्यायचं, तर मी. भावकीतल्या लोकांचं दूधपण माझ्याच कॅनांत. सायकलला मागं दोन्ही अंगाला कॅन, आणि छावणी ते गाव वाटेत मधी एक मोठा उतार. उतार संपतो तिथंच पाण्याचा टँकर थांबायचा, त्यामुळं बाया-लेकरं घागरी घेऊन रस्त्यातच बसलेली.

आमची सायकल जुनी, काळी, सळईच्या ब्रेकची. मागचा ब्रेक कॅनाला आडवा येतो म्हणून मालकानं काढून टाकलेला, आमच्याकडं समदे दूधवाले काढतात. राहिला पुढचा. आणि एक दिवस खड्ड्यात आपटून पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटाच तडकला. रफिकचाचा म्हणून सायकलवाले, त्यांनी दुसऱ्या सायकलचा चिमटा बसवला, पण ती सायकल तारेच्या ब्रेकची, चिमट्याच्या तंगड्या बारीक. आमच्या ब्रेकची कमान, म्हणजे चाकावरची वाकवलेली सळई, जागेवर धरायला दोन पट्ट्या असतात, त्या ह्या बारीक तंगड्यांवर ढिल्या पडायला लागल्या. चाचांनी पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, पट्ट्या आवळल्या, दुकानापुढं चक्कर मारली आणि म्हणाले, भाभी, आता म्हैस बसवून न्या.

रिकाम्या सायकलला धरला हो ब्रेक. पण दुसऱ्या दिवशी दूध भरून उतारावर दाबला तर कट्कन आवाज आला, कमान वाकडी फिरली आणि ब्रेक चाकाच्या रिंगेवरून सुटला. खाली टँकर, त्याच्यापुढं लेकरं. मला ओरडताही येईना. कडेच्या मातीच्या ढिगात सायकल घातली, कॅन आडवे, गुडघा फुटला. दूध गेलं त्याचं दुःख होतंच, पण एक पोरगी घागरीवर बसून माझ्याकडं बघत होती, हातभर लांब, ती काही डोळ्यापुढून हालेना.

चाचांना सांगावं तर दुकानात कायम माणसं. एकदा मी गेले ती नुसती हवा भरून परत आले. मालकाला म्हटलं तुमी सांगा, तर ते म्हणाले म्हशी सोडून कसा येऊ, आणि तुझ्या तोंडाला काय झालंय. सायकल हातानं ढकलत नेली तर डेअरी बंद, दूध नासलं, भावकी बोलली. आणि बसावं तर ती पोरगी.

मग कॅनांत दुधाच्या वजनाचा मुरूम भरला, झाकणं लावली, सायकल ढकलत दुकानावर नेली आणि माणसं बसलेली असतानाच म्हटलं, चाचा, तुमचा ब्रेक रिकामा धरतो, भरला की न्हाई. एक जण म्हणाला, आता बायाच मिस्त्री झाल्या बे. चाचा रागानं उठले, तशीच सायकल घेऊन उतारावर गेले. आमी मागं गेलो, वरून नुसता फुफाटा दिसला. परत आले ते ढकलत, एका चपलेचा तळ घासून गेलेला. त्या माणसाला म्हणाले, बस की बे आता तू. मग मला म्हणाले, भाभी, वजनानं रबर दबतंय.

त्यांनी रबर काढून डब्याचा पत्रा कापला, चिमट्याच्या तंगडीवर घट्ट बसवला, त्यावर पट्टी, आणि ती सरकू नये म्हणून खाली आणखी एक पट्टी आवळली. टँकर यायच्या आधी, रस्ता मोकळा असताना, मुरमासकट मीच बसले. दाबला. सायकल करकरली आणि अर्ध्या उतारावरच थांबली. पाय टेकून मी तिथंच उभी, पुढं जायचं सुचेना. वरून चाचा ओरडत होते, भाभी, चला आता, मला दुकान बंद करायचंय.

आता डेअरीची गाडी दारात येते. सायकल धाकटी लेक शाळेला नेते, ती दुष्काळानंतर झालेली. ब्रेकचं काही काम केलं की आधी मी तिला उतारावर नेते, वजन म्हणून मागं बसते आणि म्हणते, दाब. ती हसते, म्हणते आई, तू लई भितेस. हसू दे. उताराला लागलेल्या समद्या लेकरांचा ब्रेक धरू दे, एवढंच.